‘अ’ वर्गाचे लेखापरीक्षण आणि सभासदाची पट्टी

सांगोला भागातील एका डाळिंब उत्पादक सभासदाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या फळ विक्री संस्थेचे लेखापरीक्षण दर वर्षी वेळेवर होते, संस्थेला ‘अ’ वर्ग, म्हणजे लेखापरीक्षणातील सर्वांत वरची श्रेणी, मिळतो, वार्षिक सभा भरते, निवडणुकाही नियमाने झालेल्या आहेत. तरीही बांधावर येणारा व्यापारी जो भाव देतो, त्यापेक्षा संस्थेकडून हातात पडणारी रक्कम अनेकदा कमी असते. सभेत विचारले की ‘हिशेब तपासलेला आहे’ एवढेच उत्तर मिळते. अशा वेळी संचालक मंडळाला जाब कसा विचारायचा आणि सहकार खात्याच्या निबंधकांकडे थेट चौकशीची मागणी करावी का, असे त्यांना विचारायचे आहे.

माझे उत्तर असे की चौकशीची मागणी इतक्यात करू नये, आणि ‘हिशेब तपासलेला आहे’ हे उत्तर स्वीकारूही नये. लेखापरीक्षक पाहतो ते संस्थेच्या पुस्तकांत लिहिलेला पैसा जागेवर आहे की नाही हे. आपल्याला जाणून घ्यायचे आहे ते आपल्या मालाचा पैसा आपल्या खात्यावर पूर्ण लिहिला गेला की नाही हे. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या कागदांत असतात, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या कागदांत असते ते कागद बहुतेक विक्री संस्थांत सभेपुढे कधीच येत नाहीत. विक्री संस्थांचे सचिवपद सांभाळताना आणि पुढे त्यांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देताना मला वारंवार हेच दिसले आहे की संस्था बुडण्यापूर्वी कितीतरी वर्षे सभासदाचा विश्वास बुडालेला असतो, आणि त्या सगळ्या वर्षांत ताळेबंद मात्र व्यवस्थित जुळलेला असतो.

दूध संस्थेशी तुलना केली तर अडचण नेमकी कोठे आहे ते कळते. 1946 साली खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली जो दूध संघ उभा राहिला आणि ज्याच्या धर्तीवर पुढे देशभर संस्था निघाल्या, त्या पद्धतीत सभासद सकाळी आणि संध्याकाळी स्वतः दूध घेऊन येतो, त्याच्यासमोर माप होते, फॅट काढली जाते आणि आकडा त्याच्या कार्डावर पडतो. दर पत्रक भिंतीवर असते. शंका आली तर ती त्याच वेळी, दहा माणसांसमोर बोलून दाखवता येते. दिवाळीपूर्वी मिळणारा दरफरक (आधी दिलेल्या दरावर नंतर मिळणारी वाढीव रक्कम) किती लिटरवर किती मिळाला हे घरातली शाळकरी मुलेसुद्धा काढू शकतात. म्हणजे तेथे जबाबदारीची तपासणी वर्षातून सातशेवर वेळा होते आणि ती करणारा स्वतः सभासद असतो. ऊस उत्पादकांची सगळी भांडणे काट्यावरून का होतात, तेही याच कारणाने समजते. वजन हा एकच आकडा त्यांना स्वतः पडताळता येतो आणि म्हणून त्यांचा सगळा जोर तेथे लागतो.

डाळिंब, द्राक्ष, आंबा, कांदा यांच्या विक्री संस्थेत मात्र माल सभासदाच्या हातून सुटला की तीन गोष्टी त्याच्या नजरेआड होतात. पहिली प्रतवारी, दुसरी विक्रीचा दर आणि तिसरी कपात. माल दिल्लीच्या आझादपूरला, कोलकात्याला किंवा चेन्नईला जातो. तेथे कोणत्या दिवशी कोणत्या पेट्यांना काय भाव निघाला हे त्याला पट्टीवरूनच, म्हणजे दर, कपात आणि हाती येणारी रक्कम लिहिलेल्या हिशेबाच्या कागदावरूनच, कळते, आणि ती पट्टी संस्थेच्याच कार्यालयात तयार होते. म्हणून अशा संस्थेतील उत्तरदायित्वाचा विचार निवडणुकीपासून किंवा सर्वसाधारण सभेपासून न करता या पट्टीपासून करावा, असे माझे ठाम मत आहे. पाच वर्षांनी येणारी निवडणूक आणि वर्षाने येणारी सभा ही आवश्यक साधने आहेत, पण नाशवंत मालाच्या व्यवहाराला ती पुरी पडत नाहीत.

प्रतवारीकडे आधी पाहू, कारण सर्वांत जास्त पैसा तेथे हलतो आणि सर्वांत कमी लक्ष तेथे दिले जाते. डाळिंबाची प्रतवारी मुख्यतः फळाच्या वजनावर होते. सुपर, किंग, क्वीन, प्रिन्स आणि त्याखालचे बारा ए, बारा बी हे शब्द आपल्याकडे सर्वांना पाठ आहेत. पण फळावरचा डाग, सालीला पडलेली बारीक चीर, रंग यांवरून फळ एक पायरी खाली टाकायचे की नाही हे प्रतवारी करणारा माणूस ठरवतो. त्या माणसाच्या हातात एका हंगामात लाखो रुपये असतात आणि बहुतेक ठिकाणी तो रोजंदारीवर असतो.

समजा एका आठवड्यात संस्थेने सभासदांच्या नावे 14,000 किलो माल जमा केला: किंग 4,200 किलो, क्वीन 6,800 किलो आणि प्रिन्स 3,000 किलो. त्याच मालाच्या विक्रीच्या पट्ट्या एकत्र केल्या तर किंग 5,100 किलो, क्वीन 6,050 किलो आणि प्रिन्स 2,500 किलो विकलेला दिसतो. एकूण विक्री 13,650 किलो झाली, घट 350 किलो, म्हणजे अडीच टक्के. घटीचे हे प्रमाण पाहून कोणीही हरकत घेणार नाही. विक्रीचा सगळा पैसा बँकेत आला, पावत्या जुळल्या, लेखापरीक्षकाला खोट काढायला जागा नाही. परंतु जमा झालेल्या किंगपेक्षा विकलेला किंग 900 किलोने जास्त आहे. वाटेत फळाचे वजन कमी होते, वाढत नाही. म्हणजे सभासदांच्या नावे क्वीन किंवा प्रिन्स म्हणून लिहिलेले फळ बाजारात एक पायरी वर विकले गेले.

हिशेबापुरते किंगला 140, क्वीनला 105 आणि प्रिन्सला 80 रुपये किलो धरू. सभासदांच्या नावे लिहिलेल्या मालाची किंमत 15,42,000 रुपये होते. सर्व प्रतींत अडीच टक्के घट वजा केली तर विक्री 15,03,450 रुपयांची व्हायला हवी होती. प्रत्यक्ष विक्री 15,49,250 रुपयांची झाली. एका आठवड्यात, अडीच टक्के घट सोसूनसुद्धा, 45,800 रुपये असे आले की जे कोणत्याच सभासदाच्या मालाचे म्हणून लिहिलेले नाहीत. किलोमागे हे सव्वातीन रुपयांच्या वर जातात. आपल्या प्रश्नातील बांधावरच्या भावाचा फरक पुष्कळदा इतकाच असतो.

या 45,800 रुपयांत चोरी झाली आहे असे मात्र लगेच समजू नये. प्रतवारी करणाऱ्याने बाजारातून तक्रार येऊ नये म्हणून हात आखडता ठेवला असेल, आणि बहुतेक वेळा कारण हेच असते. तरीही परिणाम गंभीर आहे. ही रक्कम एकत्रित विक्री खात्यात राहिली आणि हंगाम संपल्यावर सर्वांना किलोच्या प्रमाणात वाटली गेली, तर ज्याचे चांगले फळ खाली टाकले गेले त्याचे पैसे दुसऱ्याकडे गेले. ती संस्थेच्या नफ्यात गेली तर प्रकार आणखी वेगळा होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे निव्वळ नफ्यातून किमान एक चतुर्थांश रक्कम राखीव निधीला द्यावी लागते आणि लाभांश 15 टक्क्यांच्या वर देता येत नाही. शिवाय लाभांश भागांवर मिळतो, मालावर नाही. जो सभासद भाग धरून बसला आहे पण माल बाहेर विकतो, त्याला वाटा मिळतो आणि ज्याने सगळी बाग संस्थेला दिली तो आपल्याच पैशाचा तुकडा लाभांश म्हणून घेऊन जातो. म्हणून विक्री संस्थेच्या नफा-तोटा पत्रकात मोठा नफा दिसला की मला आनंद होण्याऐवजी काळजी वाटते. विक्री संस्थेने सभासदाचा माल विकून भरघोस नफा कमावला, याचा बहुतेक वेळा अर्थ तिने सभासदाला भाव कमी दिला असाच असतो. दरफरक हा नफा काढण्यापूर्वी, मालाच्या किमतीचा भाग म्हणून दिला गेला पाहिजे. आणि नफा निघाल्यानंतरही सभासदाने संस्थेशी केलेल्या व्यवसायाच्या प्रमाणात रिबेट (परतावा) देण्याची वाट कायद्यात आहे, उपविधीत (संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत) तिची सोय मात्र असावी लागते.

तेव्हा आपण मागायचा पहिला कागद म्हणजे प्रतवार ताळमेळ: आठवड्याला किती किलो कोणत्या प्रतीत जमा, किती किलो कोणत्या प्रतीत विक्री, घट किती, परत आलेला किंवा फेकलेला माल किती. कागदाला एक पान पुरते. ज्या संस्थांत मी हे सुरू करून घेतले, तेथे पहिल्या महिन्यात आकडे वेडेवाकडे आले आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आपोआप सुधारले, कारण प्रतवारीच्या शेडमध्ये सर्वांना कळले की शनिवारी हा कागद फळ्यावर लागतो. याच्या जोडीला आणखी एक साधी पद्धत फार उपयोगी पडते. प्रत्येक लॉटमधून, म्हणजे एका सभासदाच्या एका वेळच्या मालातून, खालच्या प्रतीत टाकलेल्या फळांचा एक क्रेट लॉट क्रमांकाची चिठ्ठी लावून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाजूला ठेवायचा. सभासदाला हवे तर त्याने येऊन पाहावे, फळ हातात घ्यावे, वजन करावे. बहुतेक सभासद येत नाहीत. पण क्रेट ठेवलेला आहे हे प्रतवारी करणाऱ्याला ठाऊक असते आणि त्याचा हात त्यामुळे सरळ राहतो.

आता दर आणि कपात. पट्टीवर नुसती ‘खर्च’ अशी एक ओळ असेल तर ती पट्टी स्वीकारू नये. भाडे, हमाली, तोलाई, पेटी आणि कागदाचा खर्च, शीतगृहाचे भाडे, बाजारातील आडत (आडत्याचे कमिशन), संस्थेचे विक्री कमिशन अशा प्रत्येक बाबीची वेगळी ओळ हवी. महाराष्ट्रात 2016 पासून फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचा नियम आहे. परराज्यांतील बाजारांची पद्धत वेगळी असते. राज्यातच विकलेल्या मालाच्या पट्टीवर आडत दिसली तर ती का घेतली हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. भाड्याच्या बाबतीत पाहायची गोष्ट म्हणजे गाडी पूर्ण भरून गेली की अर्धी, कारण अर्ध्या गाडीचे भाडे त्या दिवशी माल देणाऱ्या मोजक्या सभासदांवर पडते आणि त्याचा निर्णय व्यवस्थापकाने घेतलेला असतो.

पण कपातीपेक्षा मोठी गोष्ट पट्टीवर येतच नाही, ती म्हणजे उधारी. फळांच्या व्यापारात उधारीशिवाय चालत नाही, हे खरे आहे. दूरच्या बाजारातील आडत्याकडे संस्थेचे पैसे अडकतात, काही बुडतात, आणि बुडालेली रक्कम ताळेबंदात ‘येणे’ म्हणून वर्षानुवर्षे उभी राहते. ती बुडाली हे कबूल केले तर संचालकांना सभेत उत्तर द्यावे लागते. म्हणून पुष्कळ ठिकाणी ती चालू हंगामातील सभासदांना दर थोडा कमी देऊन हळूहळू भरून काढली जाते. म्हणजे तीन वर्षांपूर्वी कोणी एकाने केलेल्या चुकीची किंमत आजचा सभासद देतो आणि त्याला ते समजतही नाही. माझ्या अनुभवात विक्री संस्थांच्या भावातील न उलगडणाऱ्या फरकाचे, प्रतवारीखालोखाल, हेच सर्वांत मोठे कारण आहे. यासाठी दुसरा कागद मागावा: येणे रकमांची मुदतवार यादी. तीस दिवसांच्या आतील, तीस ते नव्वद दिवसांची, नव्वद दिवसांच्या वरची आणि एक वर्षाच्या वरची येणी वेगळी दाखवावीत, आणि प्रत्येक मोठ्या येण्यापुढे उधारीची मर्यादा किती ठरली होती, ती कोणत्या ठरावाने ठरली आणि ती ओलांडून माल कोणाच्या सांगण्यावरून गेला, हे लिहिलेले असावे. या शेवटच्या रकान्यात उत्तरदायित्व आहे. तो रकाना रिकामा असेल तर मर्यादा ठरवलीच नव्हती असे समजावे.

संचालकांच्या स्वतःच्या मालाचा विषय नाजूक असला तरी टाळता येत नाही. उत्पादकांच्या संस्थेत संचालक हे उत्पादकच असणार आणि त्यांचा माल संस्थेत येणारच. तो यावा हीच अपेक्षा आहे. पण ज्या दिवशी बाजार चढा आहे त्या दिवशीच्या गाडीत कोणाचा माल भरायचा, हा निर्णय त्यांच्या प्रभावाखाली होऊ नये. लॉटला नावाऐवजी क्रमांक द्यावा, प्रतवारी क्रमांकावर व्हावी, गाडी भरण्याचा क्रम आवकेच्या नोंदवहीप्रमाणे असावा, आणि हंगामाच्या शेवटी प्रत्येक संचालकाला प्रतवार मिळालेला सरासरी दर आणि सर्व सभासदांचा सरासरी दर एकाच कागदावर छापला जावा. प्रामाणिक संचालकाला याचा त्रास होत नाही. उलट त्याच्यावरचा खोटा संशय दूर होतो. एखादा संचालक किंवा त्याचा जवळचा नातेवाईक आडत दुकानात भागीदार असेल तर ते सभेपुढे लेखी जाहीर व्हावे आणि त्या दुकानाशी व्यवहार ठरवताना त्याने बैठकीत बसू नये.

हे कागद मागण्याचा कायदेशीर आधार काय, हे नीट समजून घ्यावे, कारण येथे पुष्कळ सभासदांची फसगत होते. अधिनियमाच्या कलम 32 प्रमाणे सभासदाला उपविधी, शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची व समितीच्या सभांची इतिवृत्ते विनामूल्य पाहता येतात आणि शुल्क भरून नकला घेता येतात. हिशेबाच्या पुस्तकांच्या बाबतीत मात्र हा हक्क त्याच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदींपुरताच आहे. म्हणजे आपली स्वतःची काटा पावती, प्रतवारीची नोंद आणि पट्टी आपण हक्काने मागू शकता. सर्वांचा मिळून प्रतवार ताळमेळ या कलमाखाली मागितला तर सचिव नकार देऊ शकतो आणि तो नकार चुकीचा ठरणार नाही. म्हणून ताळमेळ आणि मुदतवार येणी यादी यांची तरतूद उपविधीतच करून घ्यावी लागते. उपविधी दुरुस्तीला सर्वसाधारण सभेत उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सभासदांचे दोन तृतीयांश बहुमत आणि नंतर निबंधकांची मंजुरी लागते. याला वेळ लागतो. तोपर्यंत साध्या ठरावाने काम सुरू करता येते, फक्त पुढचे मंडळ तो ठराव विसरू शकते एवढा धोका राहतो.

सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. सभेत उभे राहून अचानक विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘माहिती घेऊन सांगतो’ असेच येते आणि मागून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठतो. प्रश्न सभेच्या आधी लेखी द्यावेत, पोच घ्यावी, आणि आपल्यासारख्याच दहा-पंधरा सभासदांच्या त्यांवर सह्या असाव्यात. इतिवृत्तात प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहिले गेले की नाही, हे नक्कल घेऊन पाहावे. आणखी एक कागद बहुतेक सभासदांच्या लक्षात राहत नाही: लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांवर संस्थेने काय केले याचा दोषदुरुस्ती अहवाल, ज्याला कार्यालयात नमुना ‘ओ’ म्हणतात. सलग तीन वर्षांचे असे अहवाल शेजारी ठेवून वाचले आणि तोच दोष तिन्ही वर्षी ‘दुरुस्ती करण्यात येईल’ या उत्तरासह दिसला, तर संस्थेच्या प्रकृतीबद्दल ‘अ’ वर्गापेक्षा जास्त माहिती आपल्याला मिळालेली असते. लेखापरीक्षकाची नेमणूक निबंधकांच्या नामिकेतून (मान्य लेखापरीक्षकांच्या यादीतून) सर्वसाधारण सभाच करते. त्या वेळीच त्याच्या कामात वजनाचा व प्रतीचा ताळमेळ तपासण्याची बाब ठरावाने घालता येते. थोडे शुल्क वाढेल, ते द्यावे.

आता दुसऱ्या बाजूचे बोलले पाहिजे, कारण ते न बोलता दिलेला सल्ला अप्रामाणिक होईल. बांधावरच्या भावाशी तुलना करताना व्यापारी माल निवडून घेतो की सरसकट, हे आधी पाहावे. किंग आणि क्वीन तोडून नेणारा व्यापारी जो भाव सांगतो तो उरलेल्या मालाला लागू नसतो. तो उरलेला माल मग संस्थेच्या शेडमध्ये येतो आणि संस्थेचा सरासरी दर खाली ओढतो. बाजार चढला की माल व्यापाऱ्याला आणि पडला की संस्थेला, असे निम्म्या सभासदांनी केले तर जगातील कोणतेही संचालक मंडळ चांगला भाव देऊ शकणार नाही, कारण त्याला खरेदीदाराला किती माल मिळेल याचा शब्दच देता येत नाही. सभासदाचेही संस्थेला उत्तरदायित्व आहे आणि ते आकड्यांत मोजता येते: बागेची नोंद केलेली झाडे, अपेक्षित उत्पादन, प्रत्यक्ष दिलेला माल.

द्राक्षाच्या निर्यातीत महाराष्ट्राने हे चटके सोसून शिकून घेतले आहे. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 1991 साली महाग्रेप्स उभी केली, तेव्हा परदेशातील खरेदीदाराला एकसारखा माल देण्यासाठी शेतापासून शीतगृहापर्यंत शिस्त लावावी लागली. पुढे अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदणी प्रणालीमुळे निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद होऊ लागली आणि पेटीवरील क्रमांकावरून ती कोणत्या बागेतली आहे हे काढता येऊ लागले. 2010 मध्ये युरोपात क्लोरमेक्वाट या वाढ नियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा ज्यांच्या बागांत काही दोष नव्हता त्यांनाही फटका बसला. एका सभासदाने वापरलेल्या औषधाचा परिणाम सर्वांच्या पट्टीवर होतो, हे त्या हंगामाने दाखवले. मला त्यातून महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की जो क्रमांक सभासदाला संस्थेपुढे जबाबदार धरतो, तोच क्रमांक संस्थेला सभासदापुढे जबाबदार धरू शकतो. पेटी बागेपर्यंत मागे नेता येत असेल तर विक्रीचा दरही बागेपर्यंत मागे नेता येतो. लॉट क्रमांक असताना ‘तुमच्या मालाला नेमका काय दर निघाला ते सांगता येत नाही’ असे उत्तर कोणी देऊ नये आणि कोणी घेऊ नये.

काही भागांत सभासद आता संस्था सोडून शेतकरी उत्पादक कंपनी काढण्याचा विचार करतात. कंपनीच्या कायद्यात काही गोष्टी निश्चितच चांगल्या आहेत: भाग कितीही असले तरी व्यक्ती सभासदाला एकच मत, सभासद नसलेला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि मालाच्या किमतीतून काही भाग रोखून ठेवून नंतर मालाच्याच प्रमाणात देण्याची स्पष्ट तरतूद. पण प्रतवारीच्या टेबलावर काय होते आणि उधारी कोणी मंजूर केली, हे प्रश्न नोंदणीचा कायदा बदलल्याने सुटत नाहीत. कागद तेच लागतात.

चौकशीबद्दल शेवटी. कलम 83 खाली निबंधकांना चौकशीचे आणि कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी संबंधित व्यक्तींवर निश्चित करून वसूल करण्याचे अधिकार आहेत, आणि लेखापरीक्षकाला अपहार आढळला तर त्याने गुन्हा नोंदवण्यापर्यंत जाणे कायद्याला अपेक्षित आहे. बनावट पट्ट्या, हाताने बदललेल्या काटा पावत्या, रोखीने घेतलेला आणि जमा न केलेला पैसा असे काही हाती लागले तर एक दिवसही न थांबता लेखी तक्रार करावी. परंतु केवळ दर कमी मिळतो या कारणावर चौकशी मागितली तर ती लांबते, तोवर आडते उधारी वसुलीत टाळाटाळ सुरू करतात, चांगला व्यवस्थापक सोडून जातो आणि सभासद माल बाहेर वळवतात. प्रशासक आलेली फळ विक्री संस्था पुन्हा जोमाने उभी राहिलेली मी फार कमी पाहिली आहे. ताळमेळाचा कागद नाकारला गेला किंवा तो सतत विसंगत आला, तर चौकशीच्या अर्जाला तोच सर्वांत भक्कम आधार होतो. म्हणून आधी ताळमेळाचा कागद आणि मग गरज पडली तर चौकशी, असा क्रम ठेवावा.

आपल्या येत्या सभेसाठी ठरावाचा मसुदा देतो, तो आपल्या संस्थेच्या भाषेत बसवून घ्यावा. ‘संस्थेकडे सभासदांचा जमा झालेला माल, त्याची प्रतवार नोंद, प्रतवार विक्री, घट व नाकारलेला माल यांचा साप्ताहिक ताळमेळ व्यवस्थापकाने स्वतःच्या सहीने तयार करून दर शनिवारी संस्थेच्या फलकावर लावावा, नव्वद दिवसांवरील येणे रकमांची यादी, मंजूर मर्यादा व मंजुरीचा ठराव क्रमांक यांसह, दर तिमाहीस फलकावर लावावी, कोणत्याही प्रतीची विक्री त्या प्रतीच्या जमेपेक्षा दोन टक्क्यांहून अधिक झाल्यास व्यवस्थापकाने कारण लेखी नोंदवावे व त्या आठवड्यातील फरकाची रक्कम संबंधित लॉटच्या सभासदांना पुढील पट्टीत द्यावी, आणि या कामाची पाहणी करण्यासाठी संचालक नसलेल्या तीन माल पुरवठादार सभासदांची समिती या सभेने एका वर्षासाठी नेमावी.’ दोन टक्क्यांचा आकडा आपल्या मालाप्रमाणे कमी-जास्त करता येईल. समितीत ज्यांचा माल खरोखर संस्थेत येतो असेच सभासद घ्यावेत, आणि त्यांपैकी एकाला तरी आठवड्याचा हिशेब स्वतः मांडता यायला हवा.